'रँग्लर' : नावाआधी लागलेल्या एका परीक्षेची कहाणी

१/ गेल्या शतकातील मराठी घरांत काही नावे एका विशिष्ट शब्दावाचून उच्चारलीच जात नसत. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. हा शब्द पदवीचा की आडनावाचा, हे पुष्कळांना ठाऊक नसे. पण त्यामागे गणितातील असामान्य बुद्धी आहे, याविषयी कोणालाच शंका नसे. त्या शब्दाचा आणि त्यामागील परीक्षेचा हा इतिहास.

२/ केंब्रिज विद्यापीठातील गणिताच्या परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. हे नाव तीन पायांच्या एका स्टुलावरून पडले. जुन्या काळी परीक्षा तोंडी होत असे. त्या स्टुलावर बसलेल्या पदवीधराशी विद्यार्थ्याने लॅटिनमध्ये वाद घालायचा, हा शिरस्ता होता. वाद घालणारा तो 'रँग्लर'. पुढे वाद बंद झाले आणि लेखी परीक्षा आली. नाव मात्र तसेच राहिले.

३/ अठराव्या शतकाच्या मध्यापासून यशस्वी विद्यार्थ्यांची यादी गुणानुक्रमे लागू लागली. तिचे वर्ग तीन : रँग्लर, सीनियर ऑप्टिम आणि ज्युनियर ऑप्टिम. रँग्लरांतील पहिला तो 'सीनियर रँग्लर'. सर्वांत शेवटच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला त्याचे मित्र एक भलामोठा लाकडी चमचा भेट देत. गौरव आणि थट्टा, दोन्ही जाहीरपणे होत.

४/ परीक्षेचा आवाका किती होता? १८५४ साली ती आठ दिवस चालली. सोळा प्रश्नपत्रिका, साडेचव्वेचाळीस तास आणि एकूण २११ प्रश्न. बीजगणित, भूमिती, कलनशास्त्र, गतिशास्त्र, द्रवांचे शास्त्र, प्रकाश, खगोल हे सारे त्यात येई. आज जे विषय गणित आणि भौतिकशास्त्र अशा दोन विभागांत वाटले गेले आहेत, ते तेथे एकाच परीक्षेत नांदत होते.

५/ प्रश्न दोन प्रकारचे असत. पहिला 'पुस्तकी' : अमुक प्रमेय सिद्ध करा. दुसरा 'उदाहरणे' : पूर्वी कधी न पाहिलेली स्थिती समोर ठेवून उत्तर मागायचे. गुळगुळीत भिंतीला टेकून घसरणारी शिडी, खडबडीत उतारावरून घरंगळणारा गोळा, न ताणली जाणारी दोरी ही या उदाहरणांची नेहमीची पात्रे. आजही महाविद्यालयीन पुस्तकांत ती भेटतात. त्यांपैकी अनेकांचे माहेर केंब्रिज आहे.

६/ प्रश्न इतके असत की ते सगळे सोडवणे कोणालाच शक्य नसे. फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ च्या आपल्या ग्रंथात एका वर्षाचे गुण दिले आहेत. एकूण गुण १७,०००. सीनियर रँग्लरला ७,६३४, दुसऱ्याला ४,१२३ आणि यादीतील अखेरच्या विद्यार्थ्याला २३७. पहिल्याचे गुण शेवटच्याच्या बत्तीसपट होते आणि तरीही ते निम्म्याहून कमीच भरतात.

७/ एवढ्या स्पर्धेत महाविद्यालयाची व्याख्याने पुरेशी पडेनात. मग खासगी शिकवणीचा धंदा उभा राहिला. विल्यम हॉपकिन्स या शिक्षकाला तर 'सीनियर रँग्लर घडवणारा' असेच म्हणत. स्टोक्स, केली, केल्विन, मॅक्सवेल हे त्याचे विद्यार्थी. कोचिंग क्लास ही आपल्याकडचीच व्याधी आहे असे मानणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील केंब्रिज अवश्य पाहावे.

८/ हॉपकिन्सचा शिष्य एडवर्ड राउथ याने ही पद्धत कळसाला नेली. १८५५ ते १८८८ या काळात सहाशेहून अधिक विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले. त्यांतील पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. लहान वर्ग, ठरलेले वेळापत्रक, दर आठवड्याला उदाहरणांची एक पत्रिका, तिचे सर्वांना दिसतील असे गुण आणि नंतर सविस्तर उत्तरे, असा त्याचा क्रम होता.

९/ या पद्धतीचे मोल नाकारता येत नाही. उदाहरण सोडवताना विद्यार्थ्याला चार गोष्टी स्वतः कराव्या लागत : स्थितीचे चित्र काढणे, कोणत्या राशी अज्ञात आहेत ते ठरवणे, समीकरण मांडणे आणि आलेले उत्तर शक्य कोटीतील आहे का ते तपासणे. सूत्र पाठ असून यांतील एकही गोष्ट आपोआप साधत नाही.

१०/ परीक्षेचा कागद आणि संशोधन यांतील अंतर कधीकधी अगदी पुसट होई. १८५४ च्या फेब्रुवारीत स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत जॉर्ज स्टोक्स यांनी एक प्रमेय सिद्ध करायला दिले. ते चार वर्षांपूर्वी केल्विन यांनी त्यांना पत्रातून कळवले होते. आज विज्ञानाचा प्रत्येक विद्यार्थी ते 'स्टोक्सचे प्रमेय' म्हणून शिकतो.

११/ त्या परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. पुढे विद्युत आणि चुंबकत्व यांची जी समीकरणे त्यांनी मांडली, त्यांच्या गणितात हेच प्रमेय मध्यवर्ती ठरले. त्या वर्षीच्या ट्रायपॉसमध्ये मात्र मॅक्सवेल दुसरे आले होते. पहिला आला होता राउथ! स्मिथ पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

१२/ दुसऱ्या क्रमांकाची ही परंपराच दिसते. केल्विन १८४५ साली दुसरे. १८८० साली दुसरे आलेले जे. जे. थॉमसन यांनी पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावला. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल १८६५ साली दुसरे; त्यांच्यापुढे होते रेले, ज्यांना पुढे नोबेल मिळाले. सांख्यिकीचा पाया घालणारे कार्ल पिअर्सन १८७९ साली तिसरे, तर केन्स १९०५ साली बारावे.

१३/ या यशाची दुसरी बाजूही होती. १८५९ चा सीनियर रँग्लर जेम्स विल्सन परीक्षेनंतर आजारी पडला. मनावरचा ताण असह्य झाला होता. बरा झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की, विद्यापीठात शिकलेले उच्च गणित आपल्या स्मृतीतून जवळजवळ पुसले गेले आहे. पुढे तो नामवंत मुख्याध्यापक झाला. पण ज्या विद्येसाठी त्याला पहिला क्रमांक मिळाला, ती त्याच्यापाशी उरली नाही.

१४/ आणखी एक अन्याय होता. स्त्रियांना १८८१ पासून या परीक्षेस रीतसर बसता येई. परंतु त्यांची नावे पुरुषांच्या यादीत नसत आणि पदवीही मिळत नसे. १८९० साली न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचा निकाल वाचला गेला तो असा : 'सीनियर रँग्लरच्या वर'. पहिल्या आलेल्या पुरुषापेक्षा त्यांना तेरा टक्के गुण अधिक होते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली.

१५/ आता मराठी मुलखाकडे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ चा, दापोलीजवळील मुर्डी या गावचा. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नात्याने बंधू. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले. तेथे कर्वे गणित शिकवत. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत चमकल्यावर सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

१६/ १८९९ च्या जूनमध्ये यादी लागली. सीनियर रँग्लर म्हणून दोन नावे बरोबरीने होती : पेम्ब्रुक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल आणि आर. पी. परांजपे. त्यापूर्वी १८७४ साली आनंदमोहन बोस हे पहिले भारतीय रँग्लर झाले होते. परंतु पहिल्या क्रमांकावर भारतीय नाव येण्याची ही पहिलीच वेळ.

१७/ त्या वर्षाचे संदर्भ ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे महत्त्व उमगते. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रँडच्या खुनानंतरच्या दडपशाहीला दोनच वर्षे झाली होती. भारतीय मनुष्य राज्यकारभारास लायक नाही, असे सांगितले जाण्याचा तो काळ. अशा वेळी राज्यकर्त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच नियमांनी, कोकणातल्या एका मुलाने त्यांची सर्वांत कठीण मानलेली परीक्षा जिंकली.

१८/ त्याहून मोठी गोष्ट पुढची. विलायतेस जाण्यापूर्वीच परांजपे यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचे वचन दिले होते. या यशानंतर अधिक लाभाच्या वाटा मोकळ्या असताना ते पुण्यास परतले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच होते.

१९/ परांजपे यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ साली, जी. एच. हार्डी नावाचा विद्यार्थी चौथा आला होता. त्याला ही शर्यतच मान्य नव्हती. युरोपात कोशी आणि रीमान यांनी गणिताचे नवे प्रदेश उघडले असताना केंब्रिजची मुले घड्याळ लावून शिड्या आणि गोळे यांची उदाहरणे सोडवत बसली आहेत, ही त्याची तक्रार. परीक्षा सुधारू नका, मोडा, अशा टोकाचे मत त्याने १९२६ साली एका अध्यक्षीय भाषणात मांडले.

२०/ त्याच हार्डीला १९१३ साली मद्रासहून एक पत्र आले. लिहिणारा पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील कारकून होता. महाविद्यालयाच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला होता, कारण गणितावाचून अन्य विषयांकडे त्याने लक्षच दिले नव्हते. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. विशेष हे की, त्याने गणित ज्या पुस्तकातून आत्मसात केले ते कार याचे सूत्रसंग्रहाचे पुस्तक. आणि कार हा स्वतः परीक्षेची शिकवणी घेणाराच होता!

२१/ रामानुजन केंब्रिजला आले. पण ट्रायपॉसला बसले नाहीत. १९१६ साली त्यांना संशोधनावर पदवी मिळाली. त्यांच्या प्रज्ञेची एक आठवण प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सांगितली आहे. ते तेव्हा केंब्रिजमध्ये ट्रायपॉस देत होते. पुढे भारतीय सांख्यिकीचे जनक म्हणून ओळखले गेले. १९१४ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात आलेले एक कोडे त्यांनी रामानुजन यांना वाचून दाखवले. रामानुजन तेव्हा चुलीपाशी भाजी ढवळत होते.

२२/ कोडे असे : एका रस्त्यावर घरांना १, २, ३ असे ओळीने क्रमांक आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील बेरजेइतकीच भरते. घरे पन्नासहून अधिक आणि पाचशेहून कमी असतील, तर ते घर कोणते? लहान रस्त्यावर ताडून पाहता येईल. आठ घरे, सहावे घर : डावीकडे १ ते ५ ची बेरीज १५, उजवीकडे ७ आणि ८, म्हणजे १५.

२३/ महालनोबिस यांनी काही मिनिटांत प्रयत्नाने उत्तर काढले होते : २८८ घरांतील २०४ वे. दोन्ही बाजूंची बेरीज २०,७०६. रामानुजन यांनी मात्र भाजी ढवळता ढवळता एक वितत अपूर्णांक सांगितला. त्यात केवळ हे एक उत्तर नव्हते. ८ आणि ६, ४९ आणि ३५, २८८ आणि २०४, पुढे १६८१ आणि ११८९ अशी न संपणारी सारी उत्तरे होती.

२४/ या कोड्याचे मूळ आपल्याच भूमीत सापडते. घरांच्या संख्येची दुप्पट अधिक एक, म्हणजे ५७७. घराच्या क्रमांकाची दुप्पट ४०८. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक नेमका एक. अशा समीकरणांना ब्रह्मगुप्ताच्या परंपरेत 'वर्गप्रकृती' म्हणतात. ती सोडवण्याची 'चक्रवाल' रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे.

२५/ गुणानुक्रमाची अखेरची यादी १९०९ साली लागली. त्यानंतर रँग्लरांची नावे वर्णानुक्रमे छापली जाऊ लागली. तरी पहिला कोण, याची कुजबुज थांबली नाही. १९५९ साली तो मान कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकर यांच्याकडे गेला. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही रँग्लर होते.

२६/ मग परीक्षा चांगली की वाईट? हार्डी यांचा आक्षेप खरा होता. घड्याळाच्या काट्यावर नवे गणित जन्मत नाही. पण हेही खरे की मॅक्सवेल, थॉमसन, पिअर्सन यांच्या हाताला वळण लागले ते रोज सोडवलेल्या उदाहरणांनीच. दोष उदाहरणांत नव्हता, त्यांना क्रमांकाच्या दावणीला बांधण्यात होता. केंब्रिजने क्रमांक काढून टाकले, उदाहरणे ठेवली.

२७/ परांजपे यांनी उतारवयात लिहिलेल्या इंग्रजी आत्मचरित्राला क्रिकेटच्या भाषेतले नाव दिले : 'एटी-फोर, नॉट आउट'. १९६६ साली ते निवर्तले. जन्मभर त्यांच्या नावाआधी लागलेला शब्द तेविसाव्या वर्षीच्या एका निकालाचा होता. पुण्याच्या शिक्षणक्षेत्राला लाभले ते मात्र त्या निकालानंतर परतून वर्गात उभे राहिलेले परांजपे.