लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया

लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, क्रमांक ३४२, हे मुंबईतील फ्रीमेसन संघटनेचे एक जुने लॉज आहे. ग्रँड लॉज ऑफ स्कॉटलंडच्या अधिपत्याखाली डिसेंबर १८४३ मध्ये त्याची स्थापना झाली. भारतीयांना प्रवेश मिळावा या उद्देशाने स्थापन झाल्यामुळे पश्चिम भारताच्या सामाजिक इतिहासात त्याला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

फ्रीमेसन ही विश्वबंधुत्वाचे तत्त्व मानणारी संघटना असून तिच्या स्थानिक शाखेस ‘लॉज’ म्हणतात. इच्छुकाने ईश्वराचे अस्तित्व मानावे, एवढीच श्रद्धेविषयीची अट असते. विशिष्ट धर्माची अट नसते. प्रवेशाचा निर्णय गुप्त मतदानाने होतो. पांढरी गोळी संमतीची, तर काळी विरोधाची. मोजक्या काळ्या गोळ्याही अर्ज फेटाळण्यास पुरेशा ठरतात. त्यामुळे नियमात वंशभेद नसला, तरी मुंबईतील युरोपीय सदस्यांच्या लॉजमध्ये भारतीयांना प्रवेश मिळणे दुरापास्त होते.

पारशी समाजसुधारक माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) यांना याचा अनुभव आला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी नाकारून १८४० मध्ये सदस्यत्व दिले होते. युरोपच्या प्रवासात पॅरिस येथे त्यांनी फ्रीमेसनची दीक्षा घेतली. मात्र मुंबईत परतल्यावर येथील ‘लॉज पर्सिव्हरन्स’ने त्यांना सदस्य करून घेतले नाही.

स्थापना

डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक होते. ग्रँड लॉज ऑफ स्कॉटलंडने १८३६ मध्ये त्यांना पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले होते. जुन्या लॉजचे मतदान बदलणे शक्य नसल्याने, त्यांनी माणेकजींसह इतर भारतीयांसाठी हे स्वतंत्र लॉज स्थापन केले. आरंभीच्या सदस्यांत पारशी व मुसलमान होते. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेण्याची मुभा असल्याने भिन्नधर्मीयांना एकत्र येणे सुकर झाले.

महत्त्व

या स्थापनेला दोन बाजू आहेत. भारतीयांसाठी बंद असलेले दार उघडले. परंतु ते वेगळे दार होते. ज्या लॉजने नकार दिला, त्याचा निर्णय तसाच राहिला. तरीही शपथेने ‘बंधू’ ठरलेल्या युरोपीय व भारतीय व्यक्तींनी समान नात्याने एकत्र बसण्याची प्रथा येथे सुरू झाली. त्या काळी मुंबईत अशी स्थळे फारच थोडी होती.

माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा विद्यालय सुरू केले. इराणी विद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा हेही दीर्घकाळ फ्रीमेसन होते. त्यांच्या फ्रीमेसन जीवनाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादित केलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारशी सदस्य दि. फ. वाडिया यांनी या लॉजचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. देशातील अनेक लॉज तिच्यात सामील झाली, तर काही इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमधील मूळ संस्थांशीच संलग्न राहिली.