पटावरून नाव कमी

आमच्या गावी सुगी उरकली की हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून घंटा वाजवीत येई. आता मोटारसायकलवरून येतो, चोपडी मात्र तीच. ओसरीवर बसून तो अमक्याचा अमका, त्याला तीन मुलगे, मधला निपुत्रिक, अशा सात पिढ्या म्हणून दाखवतो, नव्या जन्मांची भर घालतो आणि पायलीभर जोंधळे घेऊन पुढच्या घरी जातो. सांगलीकडे आणि खाली कर्नाटकात हा त्यांचा पिढीजात धंदा. मोल देऊन वंशावळ राखावी, हे काही आम्हांला इंटरनेटने शिकवलेले नाही.

माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो. त्याला मुलगी झाली आणि वंशवृक्षाचे वेड लागले. एका संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी त्याने डॉलरांत भरली. चोपडीतली पुरुषांची ओळ तासाभरात चढली. गाडे अडले ते माझ्या आजीपाशी, म्हणजे त्याच्या पणजीपाशी. ‘लक्ष्मी, जन्म अंदाजे १९२१, जिल्हा सांगली’ असे भरल्यावर यंत्राने मोठ्या विश्वासाने पुढे केली, ती सातारच्या एका गोऱ्या शिपायाची लेक!

हसून झाल्यावर मी विचार करू लागलो. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ पासूनच्या तिथे जपलेल्या आहेत, आणि २०१४ पासून त्या पैसे भरून घरबसल्या पाहता येतात. तेव्हा शिपायाची लेक सापडणारच. आमच्या माणसांचे कागद तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या कपाटात आणि पंड्यांच्या वह्यांत. (हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रे मात्र अमेरिकेतल्या युटामधील मॉर्मन मंडळींनी घेऊन ठेवली आहेत. त्यांची वंशावळ-संस्था १८९४ सालची!)

शिवाय यंत्राला आमचा भूगोल कोण सांगणार? १९२१ साली सांगली जिल्हाच नव्हता. आजीचे माहेर तासगाव तालुक्यातले, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ साली दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. आणि जिल्ह्याचे एक वेळ समजेल, बाईचे काय? बोहल्यावर तिचे आडनाव जाते, बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि ताटातल्या तांदळांवर अंगठीने रेघ ओढून तिचे स्वतःचे नावही बदलतात. यंत्राच्या हिशेबी एक मुलगी लग्नाच्या दिवशी नाहीशी होते आणि त्याच दिवशी दुसरी बाई आकाशातून पडते.

आजीचा धाकटा भाऊ तिला ‘चंद्राक्का’ म्हणे. ते लाडाचे नाव असेल, असे मी समजत होतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. मास्तर असल्यामुळे तिच्या माहेरच्या शाळेत मला आडकाठी झाली नाही. जनरल रजिस्टरची काही पाने मोडीत होती, आणि मोडी मला जेमतेम लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली: चंद्रा, पुढे बापाचे नाव, त्याचे मूळ गाव, जन्म १ जून १९२१. (ती तारीख मास्तरांनी ठोकून दिलेली. माझ्या लहानपणीही निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असे.) इयत्ता दुसरी. प्रगती बरी. आणि शेवटच्या रकान्यात: ‘लग्न झाल्याने ता. २४ फेब्रुवारी १९३० रोजी पटावरून नाव कमी.’

तारखेपाशी मी थबकलो. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा अमलात यावयाचा होता. चौदा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे गुन्हा ठरणार होते. त्याच्या आधी उरकून घेण्याची एकच घाई देशभर उडाली होती. तासगाव इंग्रजी मुलखातले. कायदा मुलींसाठी झाला आणि आमच्या चंद्रेची शाळा त्याने पाच आठवडे आधी सुटली.

आजी निरक्षर, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. प्रत्येक कागदावर तिने अंगठाच उठवला. मी तिसरीत असताना पाटी घेऊन तिला सही शिकवायला बसलो होतो, तिने माझ्या हातून पाटी काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, “जेवून घे.” ‘प्रगती बरी’ हे दोन शब्द वाचल्यापासून ती पाटी मला सारखी दिसते.

बापाचे मूळ गाव हाती आल्यावर पुतण्याने दोन पिढ्या वर गाठल्या. मग त्याचा फोन आला, “काका, मुख्य नाव कोणते ठेवू? इथे एकच चालते.” मी म्हणालो, चंद्रा. थोरल्या भावाला ते पटले नाही. “दादा, ती नऊ वर्षे चंद्रा होती,” मी म्हणालो. “आणि सत्तरांवर वर्षे लक्ष्मी,” तो म्हणाला. “पाणी आपण लक्ष्मी म्हणूनच सोडतो.” वाद अजून मिटलेला नाही.

यंदा सुगीला हेळवी आला तेव्हा मी ते नाव त्याला लिहायला सांगितले. सुनेचे माहेरचे नाव लिहायला त्याच्या चोपडीत जागा नाही. त्याने बराच वेळ पान न्याहाळले, मग समासात उभे लिहिले, आणि एकाऐवजी दोन पायल्या मागितल्या. दिल्या.