मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजेच जवळपास ३,९०० सागरी मैल आहे. जेट विमानाचा ताशी वेग साधारण ९०० किलोमीटर धरल्यास हा प्रवास आठ तासांत संपायला हवा. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाण्यास साडेनऊ ते दहा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. अंतर कायम असूनही वेळ बदलतो, याची कारणे अनेक आहेत.

नकाशावरील रेषा

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधील अंतर तिच्या पृष्ठभागावरील सर्वांत लहान रेषेवर मोजले जाते. सपाट नकाशावर ही रेषा उत्तरेकडे वळलेल्या कमानीसारखी दिसते. मुंबई-लंडन रेषा अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून मध्य युरोपात शिरते.

मात्र विमानाला प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीतून जाण्यासाठी परवानगी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यानंतर युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षामुळे पश्चिम आशियातील मार्गही विस्कळीत झाले. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो. त्यासाठी अधिक इंधन लागते आणि त्याचा भार प्रवाशाच्या वेळेवर व खिशावर पडतो.

वाऱ्याचा परिणाम

दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना हे वारे समोरून येतात, परतताना ते विमानाला पाठबळ देतात. त्यामुळे मुंबईकडे येणारा प्रवास साधारण तासभर लवकर संपतो.

वेळापत्रकातील वेळ

वेळापत्रकातील कालावधी केवळ उड्डाणाचा नसतो. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्यांसाठीची सवडही त्यात असते.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. लंडन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात दुपारी दोनला मुंबईहून निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरले, तर तेथे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात.

पहिले उड्डाण

या मार्गावरील एअर इंडिया इंटरनॅशनलची सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. आज हेच अंतर विमाने मध्ये न थांबता पार करतात.

लंडनहून पुढचे विमान पकडायचे असल्यास किलोमीटरच्या हिशेबावर विसंबू नये. त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे आणि दोन विमानांच्या मध्ये पुरेशी सवड ठेवावी.