खिशातल्या घंटेचा इतिहास

अ‍ॅप उघडलेले नसतानाही सर्व्हरकडून फोनवर येणारी सूचना म्हणजे पुश नोटिफिकेशन. न विचारता खबर पोहोचवण्याची ही रीत मोबाइलहून बरीच जुनी आहे. रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीत, म्हणजे रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याच्या पद्धतीत, गाडी निघाली की पुढच्या सिग्नल केबिनमध्ये ठरावीक ठोक्यांची घंटा वाजे. केबिनमनला सारखी चौकशी करावी लागत नसे. प्रवाशाच्या वाट्याला ही सोय आली नव्हती. मुंबईची विजेची लोकल १९३६ मध्ये विरारपर्यंत पोहोचली, तरी भाईंदरच्या केबिन रोडवरून स्टेशन गाठणाऱ्याला लोकलचा उशीर कळे तो फलाटावर आल्यावरच. २०१० च्या सुमारास आलेल्या एम-इंडिकेटर या अ‍ॅपने लोकलचे वेळापत्रक खिशात आणले, पण ते उघडून पाहावे लागे.

खबर आपोआप मिळावी म्हणून प्रत्येक अ‍ॅपने सर्व्हरकडे सतत विचारणा केली असती तर बॅटरी लवकर मान टाकू लागली असती. म्हणून सगळ्या अ‍ॅप्सना मिळून एकच जोडणी उघडी ठेवण्याचा तोडगा निघाला. अ‍ॅपलने ही सेवा २००८ मध्ये जाहीर केली आणि जून २००९ मध्ये आयफोन ओएस ३ सोबत आणली. तेव्हा एका सूचनेचा मजकूर जेमतेम २५६ बाइटचा असे. गूगलने २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ साठी अशीच सेवा दिली. २०१२ मध्ये तिची जागा गूगल क्लाउड मेसेजिंगने आणि २०१६ पासून फायरबेस क्लाउड मेसेजिंगने घेतली.

सूचना पाठवणे सोपे झाले तशी ती हाताळण्याची जबाबदारी वाढली. प्रत्येक फोनवरील अ‍ॅपला एक टोकन, म्हणजे सूचना पोहोचवण्याचा पत्ता, मिळते. ते बदलले की सर्व्हरवरची नोंदही बदलावी लागते, नाहीतर सूचना वाटेतच हरवते. ‘लोकल दहा मिनिटे उशिरा’ या सूचनेमागून ‘वीस मिनिटे’ आली, तर दोन्ही न दाखवता नवी जुनीच्या जागी बसवावी लागते. गाडी निघून गेल्यावर पोहोचणारी सूचना निरुपयोगी, म्हणून तिला मुदत घालतात. सूचनेवर बोट ठेवताच त्याच गाडीचे पान उघडायला हवे, मुखपृष्ठ नव्हे.

जाहिरातींचा मारा वाढल्यावर सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती आली. आयफोनवर परवानगीची अट आरंभापासून होती. अँड्रॉइडने २०१७ मध्ये, आठव्या आवृत्तीत, सूचनांचे वर्गवार चॅनेल दिले: उशिराची खबर चालू आणि सवलतींची बंद, असे ठरवता येऊ लागले. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून तिथेही नव्या अ‍ॅपला सूचना दाखवण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.