अवघड बाळंतपणानंतर बाईच्या मनाची काळजी : नांदेड-लातूरच्या घरांसाठी माहिती

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा फोन आला की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण जिला दोन दिवस कळा आल्या, जिला रात्री एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात रेफर केलं, जिचं ऐनवेळी सिझर झालं, जिचं लेकरू काचेच्या पेटीत राहिलं किंवा हाती लागलंच नाही, अशा बाईच्या मनाला बसलेला धक्का टाके सुकले म्हणून जात नाही. तो ओळखायचा कसा, घरच्यांनी काय करायचं आणि मदत कुठं मिळते, याची ही माहिती.

सुईण गेली, जीव वाचले, पण एक काम मागं राहिलं

एक-दोन पिढ्यांमागं गावातली सुईण बाळंतपण करायची. कळा सुरू झाल्यापासून ती बाईजवळ बसायची, कंबर चोळायची, नाळ कापायची, वार पडेपर्यंत थांबायची. त्यानंतरही बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला, शेक द्यायला रोज यायची. पाचवी पुजेपर्यंत तर तिचा पाय घरातून निघत नसे. त्या येण्याजाण्यात बाईचं दुखलं-खुपलं बोलून होत असे.

पण त्या काळाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. रक्तस्राव, झटके, आडवं मूल यांपुढं सुईणीचे हात टेकायचे आणि अडलेली बाई बैलगाडीतच जायची. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, गावात आशाताई आल्या, पुढं 108 ची गाडी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली 65 टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 94.7 टक्के झाला. 2018-20 मध्ये राज्याचं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागं 33 होतं, देशाचं 97. ही कमाई मोठी आहे.

त्याच 2019-21 च्या पाहणीत राज्यातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरची होती. म्हणजे चौघींमागं एक बाई पोटावर टाके घेऊन घरी येते. दवाखान्यातून सुट्टी झाली की तिच्याजवळ बसायचं सुईणीचं ते काम आता कुणाचंच राहिलेलं नाही. डॉक्टर टाके बघतात, नर्स बाळाचं वजन आणि लस बघते. बाईला रात्री झोप लागते का, हे कोण विचारतं?

अवघड बाळंतपण कशाला म्हणायचं

डॉक्टरांच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं बाळंतपणही बाईसाठी अवघड असू शकतं. लांबलेल्या कळा, चिमट्यानं किंवा व्हॅक्यूमनं काढलेलं बाळ, अचानक ठरलेलं सिझर, जास्त रक्त जाणं, झटके, वार अडकणं, बाळ उशिरा रडणं, ही उघड कारणं आहेत. त्यांच्यासोबत दुसरीही कारणं असतात. खाटेवर एकटीला ठेवणं, ओरडली म्हणून रागावणं, पडदा न लावता तपासणं, काय चाललंय ते न सांगणं. बाई हे वर्षानुवर्षं विसरत नाही.

आपल्या भागात अंतराचीही भर पडते. किनवट-माहूरच्या पाड्यावरून निघालेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्र, मग उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पोचेपर्यंत सव्वाशे किलोमीटरहून जास्त रस्ता झालेला असतो. मुखेड, कंधार, जळकोट भागातून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळंतपण तर परक्या जिल्ह्यात, कारखान्याच्या कोपीजवळ होतं. तिथं ना माहेर, ना ओळखीची आशाताई. सव्वा महिना बाजेवर पडून राहणं तिच्या नशिबी नसतं.

मनाचा धक्का कसा ओळखायचा

पहिला प्रकार साधा आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, त्याच सुमारास बाईला विनाकारण रडू येतं, चिडचिड होते. निम्म्याहून जास्त बायकांना असं होतं. आराम, जेवण आणि माणसाची सोबत मिळाली तर दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. औषध लागत नाही.

दुसरा प्रकार नैराश्याचा. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहते, भूक लागत नाही, बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही, बाळाविषयी ओढ वाटत नाही, ‘मी वाईट आई आहे’ असं मनात येतं, मरण बरं वाटतं. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या मातांचं प्रमाण 22 टक्के निघालं. म्हणजे पाचांत एक. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण 23 टक्के होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यात दिसलेली कारणं. आपल्याकडच्या घरांना यातलं काहीच नवं नाही.

तिसरा प्रकार भीतीचा. तो समजायला लातूरच्या माणसाला पुस्तक लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर धडधाकट वाचलेली माणसंही किती तरी दिवस घरात झोपायला भ्यायची, जरा आवाज झाला की बाहेर पळायची. अवघड बाळंतपणानंतर काही बायकांचं तसंच होतं. तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येतो, दवाखान्याचा वास आला तरी धडधडतं, स्वप्नं पडतात, नवऱ्यानं जवळ येऊ नये वाटतं, ‘पुन्हा लेकरू नको’ म्हणून बाई हटून बसते. जगभरच्या अभ्यासांत शंभरातल्या सुमारे चार मातांना हा त्रास पूर्ण स्वरूपात दिसतो. ज्यांचं बाळंतपण अवघड गेलं त्यांच्यात कितीतरी जास्त. याला नाटक किंवा नखरे म्हणू नये.

बाळंतवात : इथं थांबायचं नाही

गावात ज्याला बाळंतवात म्हणतात तो चौथा प्रकार. हजारात एक-दोन बायकांनाच होतो, पण सगळ्यात धोक्याचा. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. बाई रात्र-रात्र जागते, असंबद्ध बोलते, कुणी बोलतंय असं ऐकू येतं, बाळ आपलं नाही म्हणते, संशय घेते. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे, दर्ग्यावर नेण्यात जे चार-आठ दिवस जातात, त्यातच बाईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका होतो. नवस फेडायचा तो नंतर फेडता येतो. आधी त्याच दिवशी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. बाईला आणि बाळाला दोघांनाच एका खोलीत ठेवू नये. उपचार झाले तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात.

बाईला ताप किंवा झटके असतील, तर ते अंगातल्या संसर्गाचं किंवा वाढलेल्या रक्तदाबाचंही लक्षण असू शकतं. त्यामुळे मनाचं म्हणून सोडून न देता आधी तपासणी करून घ्यावी.

लेकरू गेल्यावर

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. औषधं, खाटा, डॉक्टरांची संख्या यांवर राज्यभर चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ती व्हायलाच हवी होती. पण रिकाम्या ओटीनं घरी गेलेल्या मायांना पुढं काय लागतं, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही.

बाळ गेलेल्या बाईला लागणाऱ्या गोष्टी अशा. तिला खरं सांगावं. ‘बाळ पेटीत आहे’ म्हणून दोन-दोन दिवस लपवू नये. तिला बाळ बघायचं, हातात घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं. नको म्हणाली तर जबरदस्ती नको. ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ असं म्हणू नये. शक्य असेल तर इतर बाळंतिणींच्या रांगेतली खाट बदलून मागावी. बाळ गेलं तरी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते आणि प्रत्येक कळेला बाईला लेकरू आठवतं. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, सारखं पिळून काढू नये. दूध थांबवायची गोळी असते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. लेकरू गेलं म्हणून तिचा सव्वा महिना, तिचं खाणंपिणं, तिचा आराम तोडू नये. बाळंतीण ती आहेच.

अंगाचं दुखणं मनाला खातं

पुष्कळदा मनाच्या दुखण्यामागं अंगाचं दुखणं असतं आणि लाजेनं ते सांगितलं जात नाही. फार वेळ अडलेल्या बाळंतपणानंतर सतत लघवी गळत असेल किंवा शौच आवरत नसेल, तर ती आयुष्यभराची शिक्षा नाही. ऑपरेशननं बरं होतं. टाक्यांना पू, घाण वासाचं अंगावरून जाणं, छातीत गाठ, रक्त कमी असल्यानं येणारी धाप, हे सगळं दाखवावं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत 772 बायकांची बाळंतपणं आणि त्यानंतरचे दिवस तपासले. निम्म्याहून जास्त बायकांना काही ना काही आजार निघाला. बाई सहन करते म्हणून ती ठीक आहे असं नसतं.

दवाखान्यात काय मागायचं

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत एका बाईमाणसानं थांबावं, अशा केंद्राच्या सूचना 2016 पासून आहेत. आई, सासू, नणंद, जाऊ, जिच्यावर बाईचा भरोसा आहे तिनं थांबावं. जवळ माणूस असलं की कळा सोप्या जातात आणि अपमानही कमी होतो. 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूती कक्षातली सन्मानाची वागणूक हा तपासणीचा मुद्दा आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून आहे. त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस जेवण, आणि घरापर्यंत सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे.

सुट्टी होण्याआधी डॉक्टर किंवा नर्सला तीन गोष्टी विचाराव्यात : नेमकं काय झालं होतं, ते का झालं, पुढच्या वेळी पुन्हा होईल का. उत्तर बाईसमोर मागावं, फक्त नवऱ्याला नको. ‘माझ्याच चुकीनं झालं’ हे ओझं बऱ्याच वेळा एवढ्यानंच उतरतं.

शिकलेली सुईण परत येते आहे

जगात अनेक देशांत बाळंतपणाचं काम मिडवाइफ करतात. भारतानं 2018 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नर्सला 18 महिन्यांचं जादा प्रशिक्षण द्यायचं, तिनं कळांपासून बाळंतपणानंतरपर्यंत बाईसोबत राहायचं आणि अडचण दिसली की डॉक्टरला बोलवायचं, अशी ही पद्धत. कळा येताना बाईला चालू देणं, बसू देणं, विचारून तपासणं हे त्यात येतं. शेजारच्या तेलंगणात 2017 पासून करीमनगरला असं प्रशिक्षण सुरू झालं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांचं त्या राज्यात रोजचं येणंजाणं आहे. सुईणीची सोबत आणि दवाखान्याची सोय एकत्र आणायचा हा मार्ग आहे.

आशाताई : हातात असलेला उपाय

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. या भेटींचा भर बाळावर असतो. पण मनाबद्दल विचारायचं काम आशांना नवं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या काळात 2015 मध्ये आलेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्यातल्या आशा घरोघर जाऊन शेतकऱ्याची झोप, उदासी विचारत आल्या आहेत. तेच प्रश्न बाळंतिणीला विचारले तर वेगळी यंत्रणा उभी करावी लागत नाही.

याचा उपयोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पाकिस्तानच्या खेड्यांत तिथल्या आरोग्य सेविकांनी घरी जाऊन नैराश्य असलेल्या मातांशी ठरावीक पद्धतीनं बोलणं ठेवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यातल्या 23 टक्केच आजारी होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्यांत 53 टक्के. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या.

घरच्यांनी करायच्या गोष्टी

रोज सलग चार-पाच तास झोप मिळेल असं बघावं. रात्री बाळ नवऱ्यानं किंवा सासूनं घ्यावं, फक्त पाजायला द्यावं.

तिला बाळंतपणाची गोष्ट सांगायची असेल तर सांगू द्यावी. तीच गोष्ट दहा वेळा सांगितली तरी ऐकावी. सांगायची नसेल तर उकरून काढू नये.

मुलगी झाली म्हणून एकही शब्द बोलू नये.

बंद खोलीत शेगडी पेटवून धूर कोंडू नये. डिंकाचे लाडू द्यावेतच, पण वरण, भाजी, भाकरी पोटभर द्यावी.

‘मला जगायचं नाही’ हे वाक्य एकदा जरी आलं तरी एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

मदत कुठं

टेलिमानस 14416 : मोफत, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू. 104 : आरोग्य सल्ला. 108 : तातडीची गाडी. 102 : बाळ-बाळंतिणीची ने-आण. नांदेडच्या विष्णुपुरी आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधं असतात. डॉक्टरांना ‘बाळ अंगावर पितंय’ एवढं आधी सांगावं आणि औषध मनानं बंद करू नये.