नव्या पेठेचा कौल



कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्यात बाजार म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. पावसाळ्यात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून रानभाजीची पाटी घेऊन आलेली बाई रस्त्याकडेला बसते, गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करून पाहते, आणि भाव पटला तर घेते. समजा, उद्या कोणी येऊन तिची पाटी उचलून बाहेर ठेवली, कारण विचारता ‘नियमात बसत नाही’ एवढेच सांगितले, आणि तो नियम कोठेच लिहिलेला नसला, तर? असा बाजार खरोखर भरला होता. तो स्मार्टफोनवरील ॲपचा बाजार होय.

मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची, तर व्यापाऱ्यांना कौल देत. आरंभीची काही वर्षे कर माफ, पुढे किती द्यावयाचे, हे त्यात लिहिलेले असे. पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत. राज्यकर्ते सारेच न्यायी होते असे नव्हे. परंतु व्यापाऱ्याजवळ दाखवावयास एक कागद असे.

ॲपलने आपली पेठ १० जुलै २००८ रोजी उघडली. आरंभी सुमारे पाचशे ॲप्स होती. विक्रीच्या पैशातून शंभरातील सत्तर करणाऱ्याला व तीस ॲपलला, असा वाटा ठरला. करमाफीची वर्षे येथे नव्हती, तरी जगभरचे गिऱ्हाईक घरबसल्या मिळते म्हणून लोकांनी धाव घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आयफोन भारतातही आला. किंमत एकतीस हजार रुपये!

त्याच महिन्यात ‘आय ॲम रिच’ नावाचे एक ॲप तेथे विक्रीस लागले. किंमत ९९९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चाळीस हजार रुपयांहून अधिक. ते उघडले की पडद्यावर एक तांबडे रत्न चमके. मी श्रीमंत आहे, हे चारचौघांना दाखविण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. तरीही आठ जणांनी ते विकत घेतले! दुसऱ्याच दिवशी ॲपलने ते काढून टाकले. आपण यावर हसू. परंतु महाग वस्तू विकणे हा गुन्हा कोणत्या नियमाने ठरला, याचे उत्तर त्या वेळी छापील स्वरूपात कोठेच नव्हते.

पुढचा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मार्क फिओर या अमेरिकन व्यंगचित्रकाराचे ॲप ‘सार्वजनिक व्यक्तींची थट्टा करते’ म्हणून नाकारले गेले. व्यंगचित्रकाराने दुसरे काय करावे? एप्रिल २०१० मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, बोभाटा झाला, आणि मग दार उघडले. ज्याला पारितोषिक मिळाले नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे? अखेर सप्टेंबर २०१० मध्ये, म्हणजे बाजार भरून दोन वर्षे उलटल्यावर, ॲपलने आपले नियम प्रथम प्रसिद्ध केले.

मग दाराशी पहारेकरी नसावाच काय? गूगलने तोही प्रयोग केला. ऑक्टोबर २००८ मध्ये उघडलेल्या अँड्रॉइड मार्केटात आगाऊ तपासणी नव्हती. विकत घेतलेले ॲप चोवीस तासांत परत करता येई. २०१० च्या अखेरीस ही मुदत पंधरा मिनिटांवर आली. मार्च २०११ मध्ये त्या बाजारात पन्नासाहून अधिक विषारी ॲप्स सापडली. गूगलने ती बाजारातून काढलीच, शिवाय लोकांच्या फोनमधूनही दुरून पुसली. हे लोकांच्या हिताचेच झाले. परंतु विकलेली वस्तू आपल्या घरातून परत नेण्याची किल्ली दुकानदाराजवळ असते, हेही त्या दिवशी कळले.

आपल्या देशाची गंमत निराळीच. २०१० पासून भारतीयांना या मार्केटात पैसे देऊन ॲप घेता येऊ लागले. परंतु भारतीयाला ते पैसे घेऊन विकण्याची परवानगी २०१२ मध्ये मिळाली. गिऱ्हाईक व्हा, दुकानदार होऊ नका, असाच त्याचा अर्थ!

दुकानदार झाल्यावर तंटा आला तो पट्टीचा. पैसे गूगलच्याच गल्ल्यातून घ्यावयाचे, ही सक्ती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. गूगल स्वतःच्या यूट्यूबला हा नियम लावीत नाही, यावरही बोट ठेवले. अपिलात मार्च २०२५ मध्ये दंड २१६.६९ कोटींवर आला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली. त्यांत मुंबईचे शादी डॉट कॉमही होते. पुरेसा अवधी दिला होता, असे गूगलचे म्हणणे होते. सरकारने मध्ये पडताच काही दिवसांत ती परत आली.

तात्पर्य, पेठेला वेस हवी, वेशीवर पहारा हवा आणि पहाऱ्याच्या खर्चासाठी पट्टीही हवी. हे आपल्या पूर्वजांनाही मान्य होते. परंतु जो पेठेचा धनी, तोच पट्टी घेणारा, तोच तंटा तोडणारा आणि तोच शेजारी दुकान मांडणारा, असे झाले म्हणजे केवळ त्याच्या सद्बुद्धीवर भिस्त ठेवता येत नाही. नियम आधी लिहिलेला हवा, तो धन्यालाही लागू हवा, आणि दाद मागण्याची जागा पेठेबाहेर हवी.

आपल्या गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या स्वतः केलेले ॲप घेऊन या बाजारात उतरेल. त्यांनी जरूर उतरावे. मात्र पाटी मांडण्यापूर्वी कौल वाचून घ्यावा, आणि तो कोणाला व कधी बदलता येतो, तेही पाहावे.