घाट चढून आलेली वाईन

तुम्ही कामशेतलाच आहात; फक्त इसवी सनाचं पहिलं शतक चालू आहे. रूळ नाहीत, जुना मुंबई-पुणे रस्ता नाही. वलुरकच्या डोंगरात, म्हणजे आपल्या कार्ल्याला, चैत्यगृहासाठी छिन्न्या वाजताहेत. पाऊस सरलाय, खाचरांत भात पिवळा पडतोय आणि बोरघाट चढून आलेला बैलांचा तांडा इंद्रायणीकाठी उतरलाय.

पेंढा बाजूला सारून एक यवन, म्हणजे ग्रीक, व्यापारी मातीचा लांबोडका कुंभ काढतो. दोन कान, बूड टोकदार. उभा राहत नाही म्हणून झाडाला टेकवावा लागतो. आत पंचवीसेक लिटर माल. बूच फोडताच आधी वास येतो तो राळेचा: माल पाझरू नये म्हणून कुंभ आतून राळेनं माखलेला असतो. तुम्ही पेला तोंडाला लावणार, तोच तो हात धरतो. “अहो, आधी पाणी घाला! नुसती पिणाऱ्याला आमच्यात रानटी समजतात.”

ही वाईन इटलीची, वेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातली. सर्वांत जास्त मागणी हिलाच. ७९ साली तो डोंगर फुटणार आहे, पण ते त्याला सांगू नका. दुसरी सीरियातल्या लाओदिकियाची. तिथे शहरामागचा डोंगर जवळजवळ माथ्यापर्यंत द्राक्षवेलींनी भरलाय. तिसरी अरबस्तानची. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोच बंदराच्या आयातीत या तिन्ही नोंदल्या आहेत. गाव सांगितलं की भाव ठरतो. कौटिल्यही द्राक्षाच्या मद्याची ओळख प्रदेशावरूनच देतो: कापिशायन आणि हारहूरक. असल्या कुंभांची खापरं १९५४-५६च्या उत्खननात थेट नेवाशाला सापडली, म्हणजे माल घाटमाथ्यावर थांबत नव्हता.

“इथेच वेल का लावत नाही?” तुम्ही विचारता. तो सह्याद्रीकडे बोट दाखवतो. “चार महिने हा पाऊस! घड कुजतील.”

त्याचं खरं ठरलं. द्राक्षं गेली पर्जन्यछायेत. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन काढली. नाशिकला ‘सुला’ या वाईन कंपनीनं २००० साली शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईन बाजारात आणल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं, गावाच्या नावानं भाव ठरवायची रीत अशी परत आली. मावळानं मात्र इंद्रायणी तांदूळ पिकवला. वाईन इथे तेव्हाही पाहुणी होती, आजही आहे. आता फक्त तिच्यात पाणी घातलं तर लोक तुम्हाला रानटी म्हणतील.